रतामाच्या झुडपाखाली

आमच्याकडे उपदेश संपला की साक्षीची वेळ येते. परभणीहून जिंतूरकडे जाताना आडबाजूला एक वस्ती आहे. तिथल्या पत्र्याच्या खोलीत, सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा माणसांत, मी पुष्कळ साक्षी ऐकल्या आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो: आजार, डॉक्टरांनी सोडलेली आशा, प्रार्थना, आराम. मग सगळे ‘हालेलूया’ म्हणतात. एका रविवारी कापूस वेचून बोटे चिरलेली एक बाई उठली. पदर सावरत म्हणाली, “लेकरासाठी लई प्रार्थना केली. गेलं लेकरू. सोयरे मनले, देव बदलला म्हनून गेलं. म्या येतेच हाय.” एवढे बोलून ती खाली बसली. ‘हालेलूया’ कोणीच म्हटले नाही. पेटीवाल्याने उगीच भाता हलवला आणि पाळकसाहेबांनी पुढचे गीत सांगितले.

मराठी ख्रिस्ती माणसांच्या विश्वासाचा आढावा घ्यायचा तर मला त्या बाईपासूनच सुरुवात करावीशी वाटते. बरे झालेल्यांच्या साक्षी छापून येतात. ‘म्या येतेच हाय’ ही साक्ष कुठे छापली जात नाही. पण आपल्या भाषेतली ख्रिस्ती आत्मचरित्रे उघडली तर पानोपानी तीच भेटते.

परभणीहून रेल्वेत बसले की दोन-अडीच तासांत जालना येते. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती इतिहासाचे एक मोठे पान तिथले आहे. नारायण शेषाद्री हा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण. १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला होता, पण तो अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. पुढे त्या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून मुंबईत रण पेटले. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. या वादावर आजवर बरेच लिहिले गेले, पण बहुतेक शास्त्रार्थाच्या अंगाने. दोन भावांची जी ताटातूट झाली तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

हेच नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात आले. दिवाण सालारजंगांकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि खेड्यापाड्यांतल्या, मुख्यतः मांग समाजातल्या, नवख्रिस्ती कुटुंबांसाठी वस्ती उभारली. तिचे नाव बेथेल. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला या नावामागची गोष्ट ठाऊक असते. याकोब भावाच्या भीतीने घर सोडून एकटा निघाला, वाटेत अंधार पडला, धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपला. ज्या जागी कोणीच नाही असे त्याला वाटले होते तिला सकाळी त्याने ‘देवाचे घर’ असे नाव दिले. ज्याचा भाऊ कोर्टातून परत नेला गेला त्या माणसाच्या गावाला हे नाव शोभते. हे गाव बसवण्यामागचा हिशोबही साधा होता. बाप्तिस्म्यानंतर गावचा पाणवठा, बलुते, सोयरीक असे सगळेच तुटण्याची भीती असे. विश्वास ठेवायला सांगणाऱ्याने विहीरही खणून द्यावी, एवढे व्यवहारज्ञान त्यांच्याजवळ होते. ते सगळ्याच उपदेशकांजवळ असते असे नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आता शाळेच्या पुस्तकातही असते, पण तिथे ती ‘समाजसुधारक’ या एका शब्दात आटोपते. १८७४ च्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात. खांदेकऱ्यांत रमाबाईही होत्या. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी लग्न केले आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. इंग्लंडला गेल्या तेव्हा सोबत असलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे स्वतःचा जीव संपवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

इथून पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ‘आज्ञापालन’ हा शब्द व्यासपीठावरून फार सैल वापरला जातो. देवाचे ऐका म्हणता म्हणता आमचे ऐका असे कधी होते ते कळतही नाही. रमाबाईंना हे वाँटेजलाच भेटले. ज्या मठात त्या राहिल्या तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी धर्ममाता मानायला हवे होते, आणि मानलेही. पण त्रैक्याच्या सिद्धांतावर, आहारावर, क्रूसावर लॅटिन अक्षरे का आणि संस्कृत का नकोत यावर दोघींची पत्रेच्या पत्रे झाली. सिस्टरला त्यात उर्मटपणा दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की मला सदसद्विवेकबुद्धी आहे, ती देवाने दिली आहे, तिला गप्प बसवून मी कोणाचीही आज्ञा पाळणार नाही. स्वदेशात आप्त उरले नव्हते आणि परदेशात ज्यांनी आश्रय दिला तेच रागावलेले; अशा वेळी मान तुकवणे सोपे होते. पुढे त्यांनी प्रांजळपणे लिहूनही ठेवले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे हाती धर्म लागला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. ही कबुली आमच्या किती पाळकांना झेपेल?

रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि रमाबाई पुण्यात एकट्या पडल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईने उपाशी आईला मरताना पाहिले होते ती दुष्काळग्रस्त भागांतून मुली गोळा करून केडगावला आणू लागली. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पुढे शेकड्यांनी मुली-बायका राहू लागल्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाही गेली. रमाबाई पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

टिळकांच्या घरात एकटेपणाची बाजू उलटी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला न सांगता. देवाचे ऐकले टिळकांनी, आणि वनवास भोगला लक्ष्मीबाईंनी. मुलाला घेऊन त्या पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत, पण तोडलेला. कुंकू लावायचे, पण कोणाच्या नावाने, हा प्रश्न घरोघरी चघळलेला. टिळकांवर मी लहानपणापासून प्रेम करीत आलो, ‘उपासना संगीता’तली त्यांची पदे तोंडपाठ आहेत. तरीही हे प्रकरण वाचताना त्यांचा राग येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो राग हसण्यावारी नेला आहे, हा त्यांचा मोठेपणा. पाचेक वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या, तरी सोवळे-ओवळे एकदम सुटले नाही. जातिभेद माणसाचा आहे, देवाचा नाही, हे त्यांचे त्यांना पटले तेव्हा १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे जायचे म्हणून त्या गेल्या नाहीत.

आमच्या जिल्ह्यात या सगळ्याला आणखी एक सूर आहे. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दळताना-कांडताना जिचे कोणी नाही तिच्या जात्याला विठ्ठल हात लावतो, ही कल्पना इथल्या बायांच्या अंगात भिनलेली आहे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. आमच्या वस्तीवरच्या बायांनी टिळक वाचलेले नाहीत, पण प्रार्थनेत त्या येशूला ज्या सलगीने कामाला लावतात ती जनाबाईंचीच.

पवित्र शास्त्रात मला सर्वांत जवळचा वाटतो तो एलीया. राणीच्या भीतीने पळाला, रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि आता पुरे, मला मरण दे म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पाठवले आणि झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले तेही खायलाच. मी एकटाच उरलो या तक्रारीला उत्तर पुष्कळ नंतर मिळाले: तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत. दुःखात असलेल्याच्या घरी जाऊन ‘ही देवाने घेतलेली परीक्षा आहे’ असे सांगणाऱ्यांनी भाकर आधी आली हे ध्यानात ठेवावे.

आजचे हाल वेगळे आहेत, कागदाचे आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे मातंग घरातला पोरगा रविवारी उपासनेला येतो आणि फॉर्मवर धर्माच्या रकान्यापाशी थबकतो. गावात वाड्याची हद्द तीच, पाणवठ्यावरची नजर तीच, फक्त दाखला बदलतो. कोणी जुनाच धर्म लिहितात, कोणी खरे लिहून सवलत सोडतात. पहिल्यांना भ्याड म्हणणारे आमच्या मंडळीतही आहेत. ज्यांचे पोट त्या दाखल्यावर नाही त्यांनी हे म्हणू नये.

साक्षीला उठलेल्या त्या बाईचा भाऊ सहा वर्षे भाऊबीजेला आला नव्हता. गेल्या दिवाळीत आला. आत आला नाही, ओट्यावर बसला. तिने ताटात निरांजन ठेवायचे की नाही म्हणून माझ्याकडे पाहिले; मी पाळक नाही, मी काय सांगणार. तिने निरांजन लावले, ओवाळले आणि चकलीची ताटली पुढे केली. त्याने एक चकली उचलली, अर्धी मोडून खिशात टाकली, अर्धी खाल्ली. मग म्हणाला, “लेकराला कुठं ठिवलं?” ती चप्पल घालून त्याच्यापुढे चालू लागली, कबरस्तानाकडे.