औषध स्वस्त, म्हणून चाचणी सरकारची

टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र असलेल्या खारघरच्या 'ॲक्ट्रेक'च्या पाटीवर अणुऊर्जा विभागाचं नाव वाचून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. कॅन्सरच्या संशोधनात अणुवाले कुठून आले? सुरुवात खरं तर दानातून झाली. लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या, त्यानंतर सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल उभारलं. ते १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. किरणोपचारांचं महत्त्व विभागाचे प्रमुख होमी भाभांनी ओळखलं होतं. पुढे राज्य सरकारने खारघरला ६० एकर जमीन दिली, तिथे ॲक्ट्रेक उभं राहिलं.

याच आवारात ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवं जनुक घालायचं आणि त्या वाढवून पुन्हा शिरेतून सोडायच्या. मग त्या बी-पेशींवरचं 'सीडी-१९' प्रथिन हेरतात आणि कर्करोग झालेल्या पेशी मारतात. पेशी घडल्या पवईच्या आयआयटीत. चाचणीसाठी 'बायरॅक' या सरकारी संस्थेने १९.१५ कोटी मंजूर केले. अमेरिकेत तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार २०२३ मध्ये इथे मान्य झाला, तो साधारण ३० ते ४० लाखांत. शेतमजुराच्या घरी याला स्वस्त म्हणून पाहा!

देणगीदारांचा ओढा मात्र वास्तू आणि यंत्रांकडे. आयसीआयसीआयने २०२३ मध्ये टाटा मेमोरियलच्या विस्तारासाठी १,२०० कोटी जाहीर केले, त्यात खारघरही आहे. हवंच आहे ते. पण ज्या प्रश्नाच्या उत्तरातून ना इमारत उभी राहते ना नफा सुटतो, त्याला पैसा कोण देणार?

टाटा मेमोरियलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा प्रश्न तसाच होता. स्तनाची गाठ काढण्याच्या सात-दहा मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचलं, तर रोग उलटणं कमी होईल का? लिग्नोकेन म्हणजे दात काढताना देतात तेच, कुठल्याही दवाखान्यात मिळणारं. त्यावर कुणाचं पेटंट नाही. मग कंपनी कशाला खर्च करील? अणुऊर्जा विभागाने केला. ११ केंद्रांवर १,६०० स्त्रिया, २०११ पासून दशकभर चाललेली चाचणी. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले : पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण लिग्नोकेन न दिलेल्यांत ८२.६ टक्के, तर दिलेल्यांत ८६.६ टक्के होतं. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास.