तांब्याभर पाण्याचा भूगोल

चौथीतल्या मुलाच्या हातात महाराष्ट्राचा कोरा नकाशा दिला की ते आधी रंगपेटी उघडतं. निळी रेघ म्हणजे गोदावरी, तपकिरी पट्टा म्हणजे सह्याद्री, खाली बाईंचा लाल शाईतला ‘छान’ हा शेरा. मग त्यालाच विचारा, गोदावरी कुठून कुठे वाहते? ते रेघेवरून बोट फिरवतं. कधी डावीकडून उजवीकडे, कधी उलट. त्याचा काय दोष? रेघेला उतार नसतो! प्राथमिक शाळेत आधी उतार शिकवावा, नावं मागाहून, असं माझं ठाम मत आहे. आणि उतार शिकवायला माती-पाण्याइतकं चोख साधन दुसरं नाही.

थोडी पार्श्वभूमी उरकून घेतो. 1 मे 1960 रोजी राज्य झालं, क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर, 2014 मध्ये पालघर झाल्यापासून जिल्हे 36. तिसरीला जिल्हा, चौथीला राज्य हा क्रम कित्येक पिढ्यांनी गिरवला. परिसरातल्या वस्तूंतून शिकवण्याची वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला घालून दिलेली आहेच. झालं.

आता मातीकडे. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा घ्यायचा आणि दोन किलोमीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरायचं. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 800 किलोमीटर, म्हणजे नकाशा चार मीटरचा होतो. चुन्याने हद्द आखायची, पश्चिमेला समुद्रासाठी चर खणायचा आणि चिखल कालवायचा. इथवर मुलांना शिक्षकांची गरज नसते.

गरज लागते ती कळसूबाईपाशी. शिखराची उंची 1646 मीटर. त्याच प्रमाणात ती एक सेंटिमीटरही भरत नाही. ‘‘एवढंसंच?’’ मुलांचे चेहरे उतरतात. राज्यातलं सर्वांत उंच शिखर बोटाच्या पेरापेक्षाही ठेंगणं! उंचीपुरतं प्रमाण दहापट वाढवलं, की ते आठ सेंटिमीटरचं होतं. पृथ्वीच्या पाठीवर डोंगर किती किरकोळ असतात आणि नकाशा करणाऱ्याला सोयीसाठी काय काय फुगवावं लागतं, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना इथे फुकटात कळतं.

खरी मजा पुढे. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर, म्हणजे आपल्या मैदानात 40 सेंटिमीटरवर. तिथे तांब्याने पाण्याची धार धरायची. पठार सपाट थापलं असेल, तर पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशीच तळं करून बसतं. मग मुलं कामाला लागतात. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, नांदेड साडेतीनशेच्या थोडं वर, हे आकडे तेव्हा त्यांना हवे असतात, म्हणून लक्षात राहतात. पूर्वेकडची माती खरवडून उतार साधला, की गोदावरी निघते! हातभर अंतरावरचा समुद्र सोडून ही बाई 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते, याचं उत्तर पाणी स्वतः देतं.

असा प्रयोग मी पाहिलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत एका मुलीने विचारलं, ‘‘मग तापी उलटी का जाते, गुरुजी?’’ मला तो प्रश्न गोदावरीपेक्षाही आवडला. तापी सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यातून पश्चिमेला जाते. गुरुजींनी उत्तर न देता तिच्या हाती खुरपं दिलं.

इथे महाबळेश्वरचा विषय काढल्यावाचून मला राहवत नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात भाविक हात जोडतात आणि मी जलविभाजक बघत बसतो. एकाच डोंगरातली कृष्णा आंध्र गाठते, तर सावित्री कडा उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. सहल नेलीच तर मुलांना घोड्यावर नंतर बसवा, आधी हे दाखवा.

पावसाचं काय? पिचकारीने पश्चिमेकडून पाणी उडवायचं आणि डोंगरामागचा भाग कोरडा दाखवायचा, हा खेळ बऱ्याच ठिकाणी चालतो. मुलांना तो आवडतो, मला नाही. डोंगर पाऊस अडवतो एवढंच त्यातून कळतं, आणि ते अर्धसत्य आहे. त्यापेक्षा शिक्षकांनी उकळत्या पातेल्यावर थंड ताट धरावं. वर गेलेली वाफ गार होऊन थेंब पडतात. सह्याद्री चढणाऱ्या वाऱ्याचं तेच होतं. पलीकडे उतरताना तो तापतो, कोरडा होतो. म्हणून एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आगेमागे.

बाकीचे उपक्रम थोडक्यात. जमिनीवर खडूने नकाशा काढून गावांच्या भेंड्या खेळा: नाशिक, कराड, डहाणू. जो नाव घेईल त्याने त्या जागी उडी मारून उभं राहायचं. किंवा वर्गात एसटी सोडा. पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली होती, तुम्ही सोलापूरची सोडा. कंडक्टर झालेला मुलगा ओरडेल, ‘‘यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ!’’ उतरणाऱ्याने त्या गावची एक गोष्ट सांगायची. भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी सांगणाऱ्याला खिडकीची जागा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मातीचा किल्ला करालच. माती कालवलेलीच असते, आळीव पेरलेलं असतं, मावळे मांडलेले असतात. त्या गडावर एकदा पाणी ओतून बघू द्या मुलांना. बुरूज थोडा खचेल, आई ओरडेल; पण पाणी कोणत्या बाजूने उतरलं ते मुलांना विचारा आणि मगच चकली द्या.