रुग्ण घटले, परजीवीचे वाण कोणते उरले?

२५ एप्रिलचा जागतिक हिवताप दिन आला की घसरत्या रुग्णसंख्येच्या बातम्या छापून येतात. २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणि २०३० पर्यंत हिवतापमुक्त भारत, हे उद्दिष्ट आवाक्यात आल्यासारखे वाटते. आकड्यांमागचे कष्ट खरे आहेत. पण आकडे रुग्ण मोजतात. परजीवीचे कोणते वाण उरले, हे ते सांगत नाहीत. तणनाशक फवारल्यावर शेतात जे तण तगते तेच पुढच्या हंगामात बी धरते. औषध आणि परजीवी यांचे नातेही असेच असते.

क्लोरोक्वीनची कथा याचा धडा आहे. लाल पेशीतले हिमोग्लोबिन पचवताना तयार होणारे विष निष्प्रभ करण्याची परजीवीची सोय हे औषध बंद पाडते. मात्र फाल्सिपेरम या परजीवी प्रजातीच्या एका वाहक प्रथिनात ७६व्या जागेवरचे अमिनो आम्ल बदलले की औषध पचनपोकळीतून बाहेर फेकले जाते. भारतात हा प्रतिकार १९७३ मध्ये आसामात प्रथम आढळला. आफ्रिकेतल्या मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्वीन थांबवले. तिथे प्रतिकारक वाणाचे प्रमाण १९९२ मधल्या ८५ टक्क्यांवरून २००० मध्ये १३ टक्क्यांवर आले आणि पुढे ब्लांटायर शहरातल्या मुलांवर तेच औषध पुन्हा गुणकारी ठरले. औषधाचा दाब नसताना तो बदल परजीवीला जड जात होता, म्हणून संवेदनशील वाणाने त्याला मागे टाकले. भारतात मात्र फाल्सिपेरमसाठी क्लोरोक्वीन बंद होऊनही प्रतिकारक वाण मुबलक राहिले. इथल्या वाणातल्या बदलांचा संच वेगळा, पापुआ न्यू गिनीतल्या वाणाशी जुळणारा आहे. शिवाय ग्वाल्हेरसारख्या सपाट मुलखात अधिक दिसणाऱ्या व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रजातीसाठी क्लोरोक्वीन आजही दिले जाते, त्यामुळे दाब पूर्ण उठलेलाच नाही. एकच औषध, दोन देश, दोन निकाल. फरक परजीवीच्या जनुकांत आणि औषधाच्या वापरात आहे.

आर्टेमिसिनिन आणि त्याच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या औषधांनाही हेच लागू पडते. त्याला दिलेली सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची जोड ईशान्य भारतात निकामी ठरू लागल्यावर २०१३ मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणावे लागले. कंबोडियात 'केल्च १३' या जनुकातले बदल रक्तातून परजीवी हटायला लागणाऱ्या विलंबाशी जोडलेले असल्याचे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. पुढे रवांडा आणि युगांडातही असे बदल सापडले.

जनुकीय खूण सापडली म्हणजे उपचार फसलाच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. रुग्णाची प्रतिकारशक्ती, औषधाची मात्रा आणि जोडीचे औषध यांवर बरेच अवलंबून असते. म्हणून जनुकचाचणी ही उपचारांच्या पाठपुराव्याला पर्याय नव्हे, त्याची पूर्वसूचना आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रुग्णच घटत असतील तर हा खर्च कशाला? माझ्या मते याच कारणासाठी तो करायला हवा. परजीवीचे नर-मादी घटक डासाच्या पोटात एकत्र येतात. रुग्णाच्या रक्तात अनेक वाण असतील तर जनुकांची सरमिसळ होऊन प्रतिकाराची जुळलेली साखळी तुटू शकते. प्रसार कमी असला की रुग्णात बहुधा एकच वाण असतो, त्याचा संकर स्वतःशीच होतो आणि साखळी अखंड पुढे जाते. आर्टेमिसिनिनचा प्रतिकार आधी आग्नेय आशियाच्या कमी प्रसाराच्या भागात फोफावला, त्यामागे हेही एक कारण मानले जाते.

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने डास दूर ठेवणारे 'डेपा' हे रसायन तयार केले. चावाच टळला तर परजीवी कोणत्या वाणाचा, हा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे ती वाट कायम मोलाची आहे. पण ज्याला ताप आलाच, त्याच्या बोटातल्या रक्ताचा एक थेंब गाळणकागदावर वाळवून जनुकतपासणीला पाठवणे फार खर्चाचे नाही. ग्वाल्हेरच्याच राज्यात, मध्य प्रदेशात, जबलपूरला आदिवासी आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. रुग्ण हजारांनी असतात तेव्हा प्रत्येकाचा परजीवी तपासणे अशक्य असते. ते शेकड्यांवर आले की शक्य होते. हिवताप घटल्याने मिळालेली ही संधी आपण घेतली नाही, तर उरलेले वाण कोणते होते हे औषध हरल्यावरच कळेल.