ही धाप नेहमीची नव्हे

अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनचा जिना चढताना गरोदर बाईला दम लागला, तर कुणाला नवल वाटत नाही. मात्र आडवं झाल्यावर गुदमरणं, रात्री श्वास कोंडून जाग येणं, खोकल्यातून गुलाबी फेस पडणं हे ‘दिवस गेलेत, असं होणारच’ म्हणून सोडून देऊ नये.

गरोदरपणात शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयातली मायट्रल झडप आकसली असेल, तर ते रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. निरोगी झडपेचं तोंड 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असतं. दीड किंवा त्याहून कमी झालं की आजार गंभीर. अनेकींना तो गरोदरपणातच प्रथम कळतो. निदान इको तपासणीत होतं.

बाळ झालं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण गर्भाशय आकुंचन पावताच रक्त एकदम हृदयाकडे धावतं. पुढचे 24 ते 48 तास सर्वांत जोखमीचे.

औषधांनी भागलं नाही, तर छाती न उघडता फुग्याने झडप रुंद करता येते, गरोदरपणातही. जपानच्या कांजी इनोउए यांनी ही पद्धत 1984 साली मांडली.

धातूची झडप बसवलेली असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करू नका. गुठळी होऊन झडप अडकते. गोळीचा बाळालाही धोका असतो, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारा. नाव नोंदवताना प्रसूती आणि हृदयविकार हे दोन्ही विभाग असलेलं रुग्णालय निवडा. परळच्या केईएममध्ये ते एकाच आवारात आहेत. अचानक धाप लागली, तर 108 वर फोन करा.