कन्स्ट्रक्टरमधून ‘धिस’ निसटतो तेव्हा

‘सगळी फील्ड्स भरून झाली आहेत. मग कन्स्ट्रक्टरच्या अगदी शेवटच्या ओळीत धिस देऊन लिसनरची नोंदणी केली, तर बिघडलं कुठे?’ जावातल्या या समजाचा चिवटपणा थक्क करणारा आहे. ती ओळ त्या क्लासची शेवटची असते, ऑब्जेक्टची नव्हे. उद्या कुणी तो क्लास एक्स्टेंड केला, की सबक्लासची स्वतःची फील्ड्स साधारणतः सुपरचा कॉल परतल्यावरच भरली जातात. मधल्या वेळात इव्हेंट आला तर तो अर्धवट ऑब्जेक्टवर येऊन आदळतो. क्लास फायनल केला तरी धोका उरतोच. एका थ्रेडने ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने दुसऱ्याला दिसेल अशी हमी सिंक्रोनायझेशनशिवाय मिळत नाही.

‘पण माझी फील्ड्स फायनल आहेत!’ असतील. 2004 साली जावा 5 सोबत सुधारलेलं मेमरी मॉडेल आलं आणि फायनल फील्ड्स इतर थ्रेड्सना पूर्ण भरलेलीच दिसतील, ही हमी मिळाली. मात्र तिला अट आहे: बांधणी चालू असताना धिस बाहेर जाता कामा नये. हमी सगळ्यांना पाठ असते, अट मात्र कुणाला आठवत नाही.

‘मी धिस दिलाच नाही’ हेही तपासून पाहावं. कन्स्ट्रक्टरमधल्या अनॉनिमस क्लासमधून बाहेरच्या ऑब्जेक्टचं एखादं फील्ड वाचलं, की त्याचा रेफरन्स गुपचूप सोबत जातो. लॅम्डाचंही तेच. आणि तिथेच थ्रेड स्टार्ट करणं ही तर सर्रास दिसणारी चूक.

ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलावली, तर जावात थेट सबक्लासची मेथड चालते आणि तिला स्वतःची फील्ड्स नल किंवा शून्य दिसतात. सी प्लस प्लसमध्ये त्या वेळी बेस क्लासचीच मेथड चालते. तिकडून आलेले लोक इथे हमखास फसतात.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच मला आवडतो. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवा. स्टॅटिक फॅक्टरी मेथडमध्ये आधी ऑब्जेक्ट पूर्ण बनवा, मग नोंदणी करा किंवा थ्रेड सुरू करा आणि शेवटी तो परत द्या.

जेडीके 21 पासून कंपायलरला ‘धिस-एस्केप’ ही लिंट वॉर्निंग आली आहे. ती चालू ठेवावी, पण तिचा रोख सबक्लासच्या धोक्यावर आहे. फायनल क्लासमधून दुसऱ्या थ्रेडकडे निसटलेल्या धिसबद्दल ती गप्प असते, तो रिव्ह्यू करणाऱ्यालाच पकडावा लागतो.