चेंडू वळतो, तो का?

सोलापूरच्या पार्क मैदानावर पोरे चेंडू विजारीला घाशीत असतात. ‘का रे बाबा?’ म्हणून विचारावे, तर ‘सर, स्विंग होतो!’ एवढेच उत्तर. विज्ञान शिकविणारे माझे एक स्नेही म्हणतात, ‘यापुढचे मराठीत सांगताच यायचे नाही.’ मी पडलो मराठीचा मास्तर. हे ऐकून गप्प कसा बसू?

ऐका तर. १८८३ साली मँचेस्टरला ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडली. पाणी संथ होते तोवर धार दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढताच ती विसकटून नळीभर पसरली. पहिला प्रवाह सुस्तर, दुसरा खवळलेला. दोन शब्दांत काम भागले! पुढे १९०४ साली लुडविग प्रांट्ल यांनी दाखवून दिले की, वाहती हवा कोणत्याही पृष्ठभागापाशी मंदावते आणि तेथे तिचा एक पातळ थर तयार होतो. हा थरही आधी सुस्तर असतो. वेग वाढला किंवा वाटेत काही खरबरीत आले, की खवळतो.

आता चेंडू घ्या. शिवण तिरकी धरून टाकला, की त्या बाजूचा थर शिवणीला ठेचकाळून खवळतो. मौज अशी की, खवळलेला थरच अधिक चिवट! बाहेरची वेगवान हवा तो आत ओढून घेतो आणि चेंडूला मागपर्यंत बिलगून राहतो. घासून गुळगुळीत केलेल्या बाजूचा सुस्तर थर मात्र लवकर सुटतो. त्यामुळे चेंडूमागची हवा त्या बाजूला ढकलली जाते आणि चेंडू शिवणीच्या दिशेला वळतो.

वेग फारच वाढला, तर शिवण येण्याआधीच थर दोन्हीकडे खवळतो. मग शिवण त्याला उलट दुबळा करते. तो लवकर सुटतो आणि चेंडू विरुद्ध दिशेला जातो. एका बाजूने खरबरीत झालेला जुना चेंडू कमी वेगातही ही करामत करतो. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा श्रीरामपूरचा झहीर खान या विद्येत वाकबगार होता.

आणि समोरच्या फलंदाजाला मिळतो जेमतेम अर्धा सेकंद! सोलापुरात १९२६ साली जन्मलेल्या पॉली उमरीगरांनी १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या. भारताचे कसोटीतील ते पहिले द्विशतक. त्यातला प्रत्येक चेंडू हवेशी असाच झगडत त्यांच्यापर्यंत पोचला होता.