उन्हाळ्याचा साप्ताहिक अंदाज : तापमानाच्या आकड्यापलीकडे काय वाचावे?

नवी दिल्ली : एप्रिल-मे महिन्यांत भारतीय हवामान विभागाच्या साप्ताहिक अंदाजात ठरावीक वळणाची वाक्ये वारंवार आढळतात. विदर्भात कमाल तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ होईल, कोकण व गोव्यात हवामान उष्ण व दमट राहील, मध्य महाराष्ट्र व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडेल. वाचकाची दृष्टी मात्र सर्वाधिक तापमानाच्या आकड्यावर खिळते. चंद्रपूर किंवा अकोला ४४ अंशांवर आणि मुंबई ३६ अंशांवर असेल, तर किनारपट्टीवर चिंतेचे कारण नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो घातक ठरू शकतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात, उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते. विदर्भातील उन्हाळ्याच्या मानाने हा आकडा सौम्यच. म्हणूनच येत्या आठवड्याचा अंदाज वाचताना चार बाबी एकत्र पाहाव्या लागतात : सरासरीपासूनचा फरक, हवेतील आर्द्रता, रात्रीचे तापमान आणि उष्णतेचे सलग दिवस.

उष्णतेची लाट कधी ठरते?

हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग केले असून महाराष्ट्र व गोवा मिळून त्यांपैकी चार उपविभागांत मोडतात : कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. उष्णतेच्या लाटेचा निकष भूप्रदेशानुसार बदलतो. कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४०, किनारपट्टीवर किमान ३७ आणि डोंगराळ भागात किमान ३० अंश असावे लागते. त्याबरोबर ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. हा फरक ६.४ अंशांच्या पुढे गेल्यास ती तीव्र लाट मानली जाते. मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर पोहोचल्यास सरासरी न पाहताही लाट, तर ४७ अंशांवर तीव्र लाट धरली जाते. उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिल्यास दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

या निकषाचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होतो. मे महिन्यात नागपूरचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते, तर मुंबईचे ३३ ते ३४ अंशांच्या घरात. त्यामुळे मुंबईत ३९ अंश ही लाट ठरते. नागपुरात ४४ अंश असूनही ती ठरत नाही. स्थानिक लोकांचे शरीर, घरांची बांधणी आणि कामाच्या वेळा सरासरी उन्हाळ्याशी जुळवून घेतलेल्या असतात, हे या निकषामागील तत्त्व आहे. परंतु ४४ अंशांत रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या मजुराला निकषाची ही सीमा वाचवत नाही. ‘लाटेचा इशारा नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही.

शिवाय बातमीतील आकडा सावलीतला असतो. तापमापक हवेशीर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. प्रत्यक्ष उन्हात, पत्र्याच्या छपराखाली किंवा काँक्रीटवर शरीराला जाणवणारी उष्णता त्याहून बरीच अधिक असते.

दमट हवा आणि उष्ण रात्री

शरीर घामावाटे थंड होते. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. विदर्भातील कोरड्या हवेत तो चटकन वाळतो. तेथे मुख्य धोका शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होण्याचा. कोकणात, गोव्यात किंवा कोलकाता व चेन्नईसारख्या शहरांत हवेतच बाष्प भरलेले असते. घाम निथळतो, पण वाळत नाही आणि शरीराचे तापमान वाढत जाते. ‘उष्ण व दमट हवामान’ हा स्वतंत्र इशारा याचसाठी दिला जातो.

दिवसाचे तापमान ४० अंश किंवा अधिक असताना किमान तापमानही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा त्याहून अधिक वाढले, तर ‘उष्ण रात्री’चा इशारा दिला जातो. रात्री शरीराला विसावा न मिळाल्यास आदल्या दिवसाचा ताण दुसऱ्या दिवशी तसाच पुढे जातो. वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया, हृदयविकार वा मधुमेहाचे रुग्ण आणि दाट वस्तीतील एका खोलीत राहणारी कुटुंबे यांना अशा सलग रात्रींची झळ अधिक बसते. अंदाजात कमाल तापमानाखालची किमान तापमानाची ओळ म्हणूनच दुर्लक्षू नये.

वारे दिशा बदलतात, आठवडा बदलतो

एकाच आठवड्यात चित्र पालटते ते मुख्यतः वाऱ्यांमुळे. राजस्थानकडून वायव्येचे कोरडे वारे आले की मध्य प्रदेश, विदर्भ व उत्तर महाराष्ट्र तापतात. वातावरणाच्या वरच्या थरात प्रतिचक्रवात ठाण मांडून बसल्यास हवा खाली दाबली जाऊन आणखी तापते व ढग बनत नाहीत. मुंबईत दुपारी समुद्रावरून येणारा वारा पारा आटोक्यात ठेवतो. जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे प्रबळ होऊन तो उशिरा पोहोचला, की तापमान एकाएकी चढते.

याउलट, विदर्भापासून दक्षिणेकडे पसरणारा कमी दाबाचा पट्टा आणि बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारे बाष्प यांमुळे दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात. अशा पावसाच्या अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना नेमका अर्थ आहे : उपविभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. एका गावात गारपिटीने आंब्याचा सडा पडतो आणि शेजारचे गाव कोरडे राहते, तेव्हा अंदाज चुकलेला नसतो. काढून ठेवलेला कांदा किंवा हळद झाकण्यास मात्र ‘तुरळक’ हा शब्दही पुरेसे कारण आहे. विजांच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप उपलब्ध आहे.

रंगांचा अर्थ आणि दक्षता

हिरवा रंग म्हणजे विशेष कृतीची गरज नाही. पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तत्काळ कृती करा. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज अधिक विश्वसनीय असतो आणि पुढील दिवसांचा अंदाज मुख्यतः कल दर्शवतो. त्यामुळे लग्न, प्रवास किंवा सभेची तारीख आठवडाभर आधी ठरली असली, तरी आदल्या दिवशीचा जिल्हानिहाय इशारा पुन्हा पाहणे आवश्यक ठरते.

अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णताविरोधी कृती आराखडा अमलात आणला. नागरिकांना वेळेवर सूचना, रुग्णालयांची पूर्वतयारी आणि पिण्याच्या पाण्याची सोय ही त्याची मुख्य अंगे होती. पुढे अनेक शहरांनी व राज्यांनी असे आराखडे तयार केले. इशारा मिळाल्यावर कामाच्या वेळा सकाळ-सायंकाळकडे वळवणे आणि उघड्यावरील कार्यक्रम पुढे ढकलणे, हे निर्णय मालक व आयोजकांच्या हाती असतात. मजुराच्या किंवा श्रोत्याच्या नव्हे.

दुपारी १२ ते ३ या वेळेत शक्यतो उन्हात जाऊ नये. तहान नसली तरी पाणी प्यावे. ताक, पन्हे, लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्यावे. अंग अतिशय तापणे, बोलणे असंबद्ध होणे, भोवळ येणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा व्यक्तीस सावलीत आणून अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेली असल्यास तोंडात पाणी घालू नये.